पर्यावरण जनसुनावणी: नोटीस लागल्यापासून अपिलापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे

गावात खाण, बंदर, औष्णिक वीज केंद्र किंवा रसायनांचा कारखाना येणार असल्याची कुणकुण लागते, मग एक दिवस वर्तमानपत्रात नोटीस येते आणि महिन्याभरात जनसुनावणी होऊन जाते. लोक मोठ्या संख्येने जमतात, पोटतिडकीने बोलतात, घोषणा देतात. काही महिन्यांनी पर्यावरण मंजुरीचे पत्र निघते आणि त्यात गावाने मांडलेले निम्मे मुद्दे कुठेच नसतात. असे पुन्हा पुन्हा घडते, कारण निर्णय मंडपात होत नाही. तो फाईलवर होतो. तुमचा मुद्दा प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवालाच्या पानाला जोडलेला नसेल आणि त्याची पोच तुमच्याकडे नसेल, तर पुढच्या टप्प्यावर तो सिद्ध करता येत नाही.

हा लेख ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायट्या, शेतकरी गट आणि त्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. आधार आहे 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना आणि तिच्यातल्या दुरुस्त्या. सुनावणी कशी घ्यायची याचे नियम तिच्या परिशिष्ट 4 मध्ये आहेत. ते चार पानांचे परिशिष्ट छापून जवळ ठेवा.

## आधी एवढे स्पष्ट करून घ्या

मंजुरीचा प्रवास चार टप्प्यांचा असतो. प्रकल्प कोणत्या वर्गात बसतो हे ठरते, अभ्यासाच्या अटी ठरतात, लोकांचे म्हणणे घेतले जाते आणि शेवटी तज्ज्ञ समिती छाननी करते. 'अ' वर्गातल्या प्रकल्पांचा निर्णय दिल्लीचे पर्यावरण मंत्रालय घेते. 'ब' वर्गाचा निर्णय राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण घेते. 'ब'चे पुन्हा ब1 आणि ब2 असे भाग आहेत, आणि ब2 ला जनसुनावणी लागत नाही.

सुनावणी घेणारे जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी प्रकल्प मंजूरही करत नाहीत आणि नाकारतही नाहीत. ते कामकाज चालवतात, इतिवृत्त तयार करून घेतात आणि ते पुढे जाते. म्हणून "साहेब, प्रकल्प रद्द करा" ही मागणी त्यांच्यापुढे करून उपयोग नाही. "हा मुद्दा इतिवृत्तात या शब्दांत नोंदवा" ही मागणी करा; ती मान्य करणे त्यांच्या हातात असते.

सुनावणी म्हणजे मतदानही नव्हे. पाच हजार विरोधी हात आणि पन्नास समर्थक हात यांची मोजणी होत नाही.

सावध: उपस्थितीसाठी गणपूर्तीची अट नाही. गावाने बहिष्कार टाकला, तरी दहा माणसांच्या उपस्थितीत सुनावणी वैध ठरू शकते. बहिष्काराचा निर्णय तुमचा, पण लेखी हरकती तरीही दाखल करा.

## टप्पा 1: नोटीस तपासा (पहिले तीन दिवस)

नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. प्रसिद्धी आणि सुनावणी यांच्यात किमान 30 दिवस हवेत. 2020 च्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात हा कालावधी 20 दिवसांवर आणण्याचे सुचवले होते, त्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. तो मसुदा होता. 2006 च्या अधिसूचनेतले 30 दिवस त्याने बदललेले नाहीत.

दोन्ही वर्तमानपत्रांची पूर्ण पाने जपा. नुसते कात्रण ठेवू नका. तारीख आणि आवृत्तीचे नाव दिसले पाहिजे. मग पाहा:

- 30 दिवस खरेच भरतात का?
- ठिकाण प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या जवळ आहे का? तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला सभागृह घेतले असेल, तर लगेच लेखी हरकत.
- प्रकल्प दोन जिल्ह्यांत पसरतो का? तसे असेल तर प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र सुनावणी हवी.
- क्षमता, क्षेत्र आणि गावांची नावे अहवालाशी जुळतात का?

यातले काही चुकत असेल, तर जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक अधिकारी या दोघांना त्याच आठवड्यात पत्र द्या. गोव्यात हे काम गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. सुनावणीच्या दिवशी उठून "नोटीस चुकीची होती" असे म्हणणे कमकुवत ठरते, कारण मग विचारले जाते की तीस दिवस गप्प का होतात.

## टप्पा 2: कागद मिळवा (पहिला आठवडा)

मसुदा अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय इथे पाहण्यासाठी ठेवावा लागतो. मंडळाच्या संकेतस्थळावर सारांश असतो आणि मूळ अर्ज पर्यावरण मंत्रालयाच्या मंजुरी अर्जांच्या 'परिवेश' पोर्टलवर सापडतो. चार कागद हवेतच:

1. पूर्ण मसुदा अहवाल, सर्व जोडपत्रांसह
2. मराठी सारांश
3. प्रकल्पाचा मूळ अर्ज, म्हणजे फॉर्म 1
4. अभ्यासाच्या अटींचे पत्र

नेहमीची चूक म्हणजे फक्त सारांश वाचणे. सारांश जास्तीत जास्त दहा पानांचा असतो आणि प्रकल्पाच्या बाजूचे सल्लागारच तो लिहितात. खरी माहिती जोडपत्रांत असते: प्रयोगशाळेचे अहवाल, नमुने घेतलेल्या जागांचे अक्षांश-रेखांश, पाणीपुरवठ्याची पत्रे.

दुसरी चूक माहिती अधिकाराची. अर्ज दहा रुपयांचा असला, तरी उत्तराला 30 दिवस मिळतात, आणि तोवर सुनावणी होऊन गेलेली असते. त्याऐवजी अहवाल पाहू देण्याची लेखी मागणी करा. सुनावणीच्या दिवसापर्यंत कार्यालयीन वेळेत तो पाहू देणे अधिसूचनेने बंधनकारक केले आहे. माहिती अधिकाराचा अर्ज समांतर टाकून ठेवा. तो अपिलात कामी येतो.

तपासणी: ग्रामपंचायतीत अहवाल खरेच पोहोचला का? पोहोचला नसेल, तर ग्रामसेवकाकडून "आजअखेर अहवाल प्राप्त नाही" असे तारखेसह लेखी घ्या. तेही मिळत नसेल, तर सरपंचांनी स्वतःच्या सहीने मंडळाला तसे कळवून पोच घ्यावी. अपिलात हा एकच कागद फार वजनदार ठरू शकतो.

## टप्पा 3: अहवाल वाचा, पण पहिल्या पानापासून नको

पाचशे-सातशे पानांचा अहवाल पाहून धीर सुटतो. सरळ वाचत गेलात, तर पहिल्या दोन प्रकरणांतच आठवडा जाईल. क्रम असा ठेवा.

आधी अभ्यासाच्या अटींचा तक्ता. अहवालाच्या सुरुवातीला प्रत्येक अटीसमोर तिची पूर्तता आणि पान क्रमांक दिलेला असतो. ती पाने उघडून बघा. "अमुक प्रकरणात पाहा" असे लिहिलेले असते आणि तिथे दोन ओळींचा गोलमोल मजकूर निघतो. सर्वांत कमी मेहनतीत सर्वांत पक्के मुद्दे इथेच हाती लागतात, कारण अट शासनाने घातलेली असते. ती पाळली नाही एवढेच तुम्हाला दाखवायचे असते.

मग तिसरे प्रकरण, सध्याच्या पर्यावरणाची स्थिती. मोजणी कोणत्या महिन्यांत झाली? आधारभूत माहिती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. साधारणपणे एका ऋतूची, पावसाळा सोडून, तीन महिन्यांची मोजणी असते. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर खरा घोटाळा इथेच होतो. एप्रिलमध्ये पाहणी केली की ओढा कोरडा दिसतो आणि अहवालात "हंगामी नाला" एवढीच नोंद होते. सडा, म्हणजे कातळाचे पठार, उजाड दिसतो आणि "पडीक जमीन" ठरतो. त्याच सड्यावर जूनमध्ये दीपकाडी फुलते, कातळावरची डबकी भरतात, बेडूक आणि कीटक येतात, आणि सड्यात मुरलेले पाणी खालच्या वाडीतल्या विहिरींना मिळते. उन्हाळी पाहणीत यातले काहीच दिसत नाही.

नमुन्याच्या जागांचा नकाशा घ्या आणि त्यावर शाळा, आरोग्य केंद्र, पिण्याच्या विहिरी, देवराई, मासे सुकवायची ओटी खुणा करून दाखवा. अभ्यासक्षेत्र बहुधा 10 किलोमीटर त्रिज्येचे असते. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या जवळच्या वस्तीत हवा मोजणी केंद्र आहे का? हिवाळ्यात वाऱ्याची दिशा बदलते, तेव्हा कोणत्या वाडीवर धूळ जाईल याचा अंदाज दिला आहे का?

चौथे प्रकरण, संभाव्य परिणाम. इथे गणित करून बघा. दोन हिशेब नमुन्यादाखल देतो.

वाहतूक: खाणीचे उत्पादन वर्षाला 3 लाख टन आणि कामाचे दिवस 300, म्हणजे रोज 1,000 टन. 20 टनांचा एक डंपर धरला, तर भरलेल्या 50 आणि परतीच्या 50 अशा 100 फेऱ्या. दिवसाचे काम 10 तास असेल, तर दर सहा मिनिटांना एक डंपर. हा रस्ता शाळेवरून जातो का, रुंदी किती आणि पूल किती टनांचा, याचे उत्तर अहवालात शोधा.

पाणी: रोज 500 घनमीटर म्हणजे 5 लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या निकषाने हे सुमारे 9,000 माणसांचे पाणी झाले. ते कोणत्या धरणातून, नदीतून की बोअरमधून येणार, आणि परवानगीचे पत्र जोडले आहे का?

हवेबाबत एक फसवी जागा लक्षात ठेवा. पीएम 10 ची (हवेतल्या बारीक धूलिकणांची) 24 तासांची राष्ट्रीय मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पीएम 2.5 ची (त्याहून सूक्ष्म कणांची) 60. समजा पीएम 10 ची आजची पातळी 85 आहे आणि प्रकल्पामुळे 12 ची भर पडणार आहे. अहवाल 97 चा आकडा दाखवून "मर्यादेत" म्हणेल. विचारा, या 12 मध्ये डंपरच्या रस्त्याची धूळ धरली आहे का? शेजारच्या मंजूर पण अजून सुरू न झालेल्या प्रकल्पांचे काय? आवाजासाठी निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्रपाळी असेल, तर रात्रीचा आकडा तपासा.

पर्यायी जागांचे पाचवे प्रकरण बहुधा दोन पानांत उरकलेले असते. तिथे तुलनेचा तक्ताच नसेल, तर तो तुमचा मुद्दा. शेवटच्या प्रकरणात सल्लागारांची माहिती असते: त्यांना 'नॅबेट'ची (अशा सल्लागारांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता याच क्षेत्रासाठी आहे का आणि अभ्यासाच्या काळात ती चालू होती का, एवढे पाहून पुढे जा.

फॉर्म 1 वेगळा वाचा. आसपासची वने, पाणथळ जागा, संरक्षित क्षेत्रे प्रकल्पाने स्वतः जाहीर करायची असतात, 15 किलोमीटरच्या परिसरातली. ती लपवली तर काय होते याचे आपल्या जवळचे उदाहरण पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाचे आहे. फॉर्ममध्ये जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट दिली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्च 2019 रोजी ती मंजुरी स्थगित करून तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला लावला. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ झालाही, पण जादा अटींसह. जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्यास अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते, अशी तरतूद अधिसूचनेच्या परिच्छेद 8 मध्ये आहे.

## टप्पा 4: गावातून पुरावा गोळा करा (दुसरा आणि तिसरा आठवडा)

अहवालात काय नाही, हे तुमच्याशिवाय कोण दाखवणार? प्रत्येक विहीर, झरा, ओढा, तळे, देवराई यांचा फोटो तारीख आणि अक्षांश-रेखांशासह घ्या, सोबत गट क्रमांक लिहा. सातबाऱ्यावर विहीर किंवा फळझाडांची नोंद असेल, तर उतारा जोडा. "जमीन पडीक" या दाव्याला गेल्या काही वर्षांच्या पीकपाहणीचा उतारा हे सरळ उत्तर आहे. पुराचे पाणी कुठवर आले ते जुन्या पंचनाम्यांतून काढा. मच्छीमारांनी सोसायटीच्या नोंदी द्याव्यात.

ग्रामसभेचा ठराव घ्या, पण तो "प्रकल्पास विरोध आहे" एवढ्या एका ओळीचा नको. ठरावात मुद्दे आणि पान क्रमांक घाला. आणि ठराव झाला म्हणजे सुनावणीत बोलायची गरज उरली नाही, असे समजू नका.

सावध: एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स सह्या करून दिल्या, तर मुद्द्यांच्या तक्त्यात त्यांची एक ओळ होते. त्याऐवजी वीस जणांनी वीस वेगळे मुद्दे, आपापल्या पुराव्यासह द्यावेत.

## टप्पा 5: हरकत लिहा

प्रत्येक मुद्द्याला पाच भाग हवेत: अहवालाचे पान, तिथे काय म्हटले आहे, वस्तुस्थिती काय, पुरावा कोणता, मागणी काय.

असे लिहू नका: "प्रकल्पामुळे आमचे पाणी संपेल, शेती उद्ध्वस्त होईल."

असे लिहा: "पान 84: प्रकल्पक्षेत्रापासून 500 मीटरमध्ये पिण्याच्या पाण्याचा स्रोत नाही असे म्हटले आहे. प्रत्यक्षात गट क्र. 112 मध्ये नळपाणी योजनेची विहीर असून अंतर सुमारे 280 मीटर आहे. फोटो, उतारा आणि नकाशा सोबत (जोडपत्र 3). मागणी: भूजलाचा अभ्यास ही विहीर धरून पुन्हा करावा, तोवर अहवाल अंतिम करू नये."

(हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा.)

मोबदला आणि पुनर्वसनाचा दर यांवर सगळा वेळ घालवू नका. त्यासाठी 2013 चा भूसंपादन कायदा वेगळा आहे. उपजीविका मात्र इथे पूर्णपणे लागू मुद्दा आहे. मासेमारी, चराई, आंबा-काजूच्या मोहोरावर बसणारी धूळ हे सर्व पर्यावरणीय परिणामच आहेत.

हरकती सुनावणीच्या चार-पाच दिवस आधी मंडळाच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ईमेलही करा. बाहेरगावी राहणारे चाकरमानी किंवा अभ्यासक यांनाही लेखी म्हणणे पाठवता येते. पर्यावरणाच्या बाजूशी वाजवी संबंध असला की पुरे.

## टप्पा 6: सुनावणीचा दिवस

कामकाजाचा क्रम ठरलेला असतो: उपस्थितीची नोंद, प्रकल्पाचे सादरीकरण, लोकांचे प्रश्न आणि उत्तरे, कामकाजाच्या गोषवाऱ्याचे मराठीत वाचन, सही.

हजेरीपटावर सही करा, पण कागदाचे शीर्षक वाचून. कोऱ्या कागदावर किंवा "प्रकल्पास पाठिंबा" अशा पत्रकावर सह्या घेतल्या जात असतील, तर तिथल्या तिथे माईकवर सांगा. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण करणे मंडळाला बंधनकारक आहे. कॅमेरा चालू आहे का हे सुरुवातीलाच विचारा. जागेवर हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती आणि खुलासा मागण्याची संधी मिळाली पाहिजे.

मुद्दे आधीच वाटून घ्या. पाणी एकाने, हवा दुसऱ्याने, वाहतूक तिसऱ्याने. प्रत्येकाने तीन मिनिटांत नाव, गाव, पान क्रमांक, मुद्दा आणि थेट प्रश्न एवढे बोलून लेखी प्रत व्यासपीठावर द्यावी. बायकांना सुरुवातीलाच बोलू द्या. पाणी कोणत्या महिन्यात आटते आणि किती लांबून आणावे लागते हे त्यांना नेमके ठाऊक असते, आणि शेवटी वेळ संपला म्हणून त्यांचाच नंबर कापला जातो.

प्रकल्पाचे प्रतिनिधी "आम्ही काळजी घेऊ" म्हणतील. तिथे थांबू नका. किती रुपये, कोणत्या वर्षी, कोणत्या जागी? 30 सप्टेंबर 2020 च्या मंत्रालयाच्या कार्यालयीन आदेशानुसार, सुनावणीत आलेल्या मुद्द्यांवर करायची कामे पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात निधीसह दाखवावी लागतात. आकडा माईकवर वदवून घेतला, तर तो आराखड्यात शोधता येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक: आपले बोलून झाले की निघून जाणे. गोषवारा वाचला जातो तेव्हा मंडप रिकामा असतो. दहा-बारा जण, हातात मुद्द्यांची यादी घेऊन, शेवटपर्यंत बसले पाहिजेत. सुटलेला मुद्दा तेव्हाच उभे राहून घालायला लावा. इतिवृत्तावर त्याच दिवशी सही होते.

गोंधळ घालून सुनावणी उधळण्याचा मोह टाळा. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येत नाही असा अहवाल गेला, तर सुनावणीशिवाय पुढे जाण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे.

## टप्पा 7: सुनावणीनंतरचे आठवडे

कामकाज आठ दिवसांत पुढे पाठवायचे असते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मंडळाचे संकेतस्थळ इथे ते लावले जाते. तुमच्या यादीशी ताडून बघा. काही गाळले किंवा वळवले असेल, तर थेट मंत्रालयाला किंवा राज्य प्राधिकरणाला आणि प्रकल्पालाही लेखी कळवा. तशी सोय अधिसूचनेतच आहे. चित्रीकरणाची प्रत माहिती अधिकारात आता मागा.

यानंतर अंतिम अहवाल तज्ज्ञ समितीकडे जातो. समितीची विषयपत्रिका आणि इतिवृत्ते 'परिवेश'वर येतात. एका माणसाने दर आठवड्याला पोर्टल पाहायचे, हे काम नेमून द्या. बैठकीची तारीख दिसताच सदस्य सचिवांना चार पानांहून मोठे नसलेले निवेदन पाठवा: कोणत्या हरकतीला अंतिम अहवालात उत्तर नाही, त्याचा तक्ता.

## टप्पा 8: मंजुरी निघाली तर

मंजुरी मिळाल्यापासून सात दिवसांत प्रकल्पाने जिल्ह्यातल्या किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते, त्यातली एक स्थानिक भाषेत. ग्रामपंचायतीने मंजुरीपत्र 30 दिवस लावून ठेवायचे असते. पत्र आलेच नाही तर तसे लेखी नोंदवा.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा 2010 च्या कलम 16 खाली अपिलाची मुदत आदेश कळल्यापासून 30 दिवस आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी 60 दिवस मिळू शकतात. 90 दिवसांनंतर विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाही नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागितली नसेल, तर शुल्क 1,000 रुपये.

इथे वेळ खातो तो अनुवाद. न्यायाधिकरणाचे काम इंग्रजीत चालते, म्हणून मराठी हरकती, ठराव, इतिवृत्त यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते सुनावणी झाल्याच्या महिन्यातच सुरू करा, मंजुरीची वाट पाहू नका. पोच असलेल्या हरकती, वर्तमानपत्राची पाने, ग्रामसेवकाचे पत्र, चित्रीकरण हे सारे एकाच फाईलला, तारखेच्या क्रमाने, पाने क्रमांकित करून ठेवले असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत काम सुरू करता येते.

अपील केले नाही किंवा फेटाळले गेले, तरी मंजुरीपत्रातल्या अटी राहतात. त्यांच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल प्रकल्पाने दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो, आणि तो जाहीर कागद असतो. सुनावणीत कबूल केलेली कामे त्यात अटीनिहाय तपासा. जी झालेली नाहीत, त्यांचे फोटो आणि गट क्रमांक मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा. प्रकल्प चालवण्याची संमती मंडळच देते आणि तिचे नूतनीकरणही तेच करते, त्यामुळे ही तक्रार नूतनीकरणाच्या आधी पोहोचेल अशी तारीख धरा.